जो दवाखान्यात गेलाच नाही, तो निरोगी कसा?

पिंप्राळ्यातली कोणतीही शंभर माणसं धरा. पुढच्या वर्षात त्यातल्या नेमक्या कुणाला दवाखान्यात भरती व्हावं लागेल, हे कुणीच सांगू शकत नाही. किती जणांना, याचा अंदाज मात्र बांधता येतो. विम्याचा हप्ता आणि सरकारी आरोग्य योजनांचं बजेट अशाच अंदाजावर ठरतं. म्हणून तो कसा काढतात आणि कुठे चुकतो, हे समजून घेऊया.

हिशोब कसा होतो?

प्रश्न दोनच. भरती होण्याची शक्यता किती? आणि भरती झालंच तर बिल किती? दोन्हींचा गुणाकार म्हणजे माणशी अपेक्षित खर्च.

2017-18 च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार, बाळंतपण वगळता देशात वर्षभरात सुमारे 2.9 टक्के लोक भरती झाले. एका भरतीचा सरासरी वैद्यकीय खर्च 20,135 रुपये. म्हणजे माणशी साधारण 584 रुपये. पाच जणांच्या घराला तीन हजारांच्या आत.

मग सरासरीवर भागतं का?

नाही. शंभरातल्या 97 जणांचा भरतीचा खर्च शून्य आणि सगळा भार उरलेल्या तिघांवर. त्यातही सरकारी रुग्णालयात सरासरी 4,452 रुपये, खासगीत 31,845. कॅन्सर निघाला तर आकडा लाखांतही जाऊ शकतो. 584 रुपयांचं बिल प्रत्यक्षात कुणाच्याच हाती पडत नाही. लाखो घरांची जोखीम एकत्र केली, तरच हा अंदाज कामाचा ठरतो.

खान्देशाला हे नवं नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 रोजी आधी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात धुळे होतं. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण, हप्ता सरकारचा. तीच आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. संरक्षण आता पाच लाखांपर्यंत आहे.

अंदाज कुठे फसतो?

खर्चाचं मॉडेल मागच्या बिलांवरून शिकतं. पिंप्राळ्यातून जळगावची रुग्णालयं रिक्षाच्या अंतरावर आहेत. इथला माणूस आजारी पडला की बिल होतं, नोंद होते. चोपडा-यावलकडच्या सातपुड्यातल्या पाड्यावरचा मजूर मात्र रोजंदारी बुडेल, गाडीभाडं लागेल म्हणून दुखणं अंगावर काढतो. त्याच्या नावापुढे शून्य. मॉडेलच्या लेखी तो ठणठणीत!

ही नुसती शंका नाही. अमेरिकेतल्या एका प्रचलित मॉडेलची तपासणी 2019 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ते मॉडेल आजाराऐवजी खर्चाचा अंदाज बांधत होतं. कृष्णवर्णीय रुग्णांवर खर्च कमी होत होता, म्हणून त्यांची गरजही कमी धरली गेली. ही चूक सुधारली असती, तर जादा मदतीसाठी निवडलेल्यांत त्यांचं प्रमाण 17.7 वरून 46.5 टक्क्यांवर गेलं असतं.

मग करायचं काय?

गणित सोडायचं कारण नाही. त्याला कोणता आकडा खाऊ घालतो, ते बघायला हवं. बिलांच्या जोडीला सिकलसेल तपासणी, उपकेंद्रातल्या बीपी-शुगरच्या नोंदी आणि आशा सेविकांची माहिती धरावी. आणि तालुकानिहाय अंदाज किती होता, उपचार किती जणांना मिळाले, हे दरवर्षी जाहीर करावं.

एखाद्या तालुक्यातून क्लेम कमी आले, तर बजेट कापण्याआधी एकच विचारा: तिथे आजार कमी आहेत, की दवाखाना लांब आहे?