नारळ घरी भरपूर आहेत!

खरं सांगा, तुमच्या कॉलेजात शेवटचा कलाकार कधी आला होता?

बहुतेक गॅदरिंगला. नाहीतर फेस्टच्या शेवटच्या रात्री. समोर स्पीकरची भिंत, स्टेजपुढे बाऊन्सर आणि तुम्ही कुठेतरी मागे मोबाइल उंच धरून उभे. बरं, आता दुसरा प्रश्न. जिथे अटेंडन्स लागते, पंखा कुरकुरतो आणि शेवटच्या बाकावर कुणीतरी हमखास झोपलेलं असतं, त्या तुमच्या वर्गात शेवटचा कलाकार कधी आला होता?

बघा, आठवत नाही ना? माझ्या वर्गात आला होता. तीन वर्षांत एकदाच. ती गोष्ट सांगते, कारण अख्ख्या डिग्रीत मला सगळ्यात जास्त शिकवून गेलेले दोन तास तिच्यात आहेत. आणि तिचा शेवट असा आहे, की अजून आठवला तरी मला लाज वाटते.

मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला रेडिओसाठी लेखन असा एक पेपर होता. एक दिवस मॅडम म्हणाल्या, ‘उद्या वह्या आणू नका.’ दुसऱ्या दिवशी वर्गात एक गोंधळी काका आले. गळ्यात कवड्यांची माळ, कमरेला संबळ. सोबत तुणतुणं घेतलेला त्यांचा पुतण्या. आत आल्या आल्या त्यांनी पंखे बंद करायला लावले. ‘आवाजात आवाज नको,’ म्हणाले. मे महिन्याच्या तोंडावर पंखे बंद! आम्ही एकमेकांकडे बघितलं.

मग काकांनी काही वाजवलंच नाही. आधी प्रत्येकाला गाव विचारलं. ‘पुणे’ म्हटलेलं त्यांना चालेना. ‘मूळ गाव सांग. तिथली देवी कोण, देव कोण, ते सांग.’ अर्ध्या वर्गाला सांगताच आलं नाही. दोघांनी तर वर्गातूनच घरी फोन लावला. आणि मग संबळ सुरू झाला. गोंधळात सुरुवातीला देवांना त्यांच्या त्यांच्या गावावरून आवतण देतात. तुळजापूर, कोल्हापूर, माहूर, जेजुरी अशी नावं येत गेली आणि मधेच आमचीही गावं यायला लागली. आमच्यात एक मुलगी होती, मराठवाड्यातल्या छोट्या गावातली. दोन वर्षांत वर्गात तिनं ‘प्रेझेंट मॅम’ सोडून फारसं काही उच्चारलं नव्हतं. तिच्या गावाचं नाव आलं आणि ती मोठ्यानं म्हणाली, ‘आमची आहे ती!’ सगळा वर्ग हसला, तीही हसली.

पुढे आख्यान लागलं. गोष्ट ऐन रंगात आली की काका थांबायचे, संबळही थांबायचा. वर्गात टाचणी पडेल तर ऐकू येईल अशी शांतता. रेडिओवर या शांततेला आम्ही जाम घाबरतो. मी विचारलं, ‘काका, किती वेळ थांबायचं हे कसं कळतं?’ ते म्हणाले, ‘समोरच्याचा श्वास बघायचा, पोरी. त्यानं धरला की आपण थांबायचं. त्यानं सोडायच्या आत पुढचं सांगायचं.’

परीक्षेत मी ‘विरामाचे महत्त्व’ यावर चार मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. पाच मुद्दे, व्यवस्थित क्रमांक घालून. पण विराम म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आजही ऑडिओ एडिट करताना मी ऐकणाऱ्याचा श्वास शोधत असते.

आता शेवट. कार्यक्रम संपला, फोटो झाले, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते शाल आणि श्रीफळ देण्यात आलं. काकांना एसटी स्टँडपर्यंत सोडायला मी गेले. रिक्षात सहज विचारलं, ‘काका, परत याल ना?’ ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘येईन की. पण आज एका लग्नाचा गोंधळ सोडून आलो बघ. येण्या-जाण्याचं भाडं आम्हा दोघांचं आम्हीच घातलं. आणि नारळ काय, घरी भरपूर आहेत.’

रागानं नाही म्हणाले. हसतच म्हणाले. म्हणूनच जास्त लागलं. कारण त्यांना पाठवलेलं निमंत्रणपत्र मी स्वतः टाइप केलं होतं. ‘आपल्या अमूल्य मार्गदर्शनाचा लाभ’ वगैरे सगळं होतं त्यात. मानधनाचा आकडा तेवढा नव्हता. मला तो विचारावासाच वाटला नव्हता. संध्याकाळी वर्गाच्या ग्रुपवर मेसेज टाकला, सगळ्यांनी जमेल तसे पैसे काढले आणि काकांच्या पुतण्याला यूपीआयनं पाठवले. लाज थोडी कमी झाली, गेली नाही.

कला आहे, पण कुणासाठी?

तुम्ही म्हणाल, आमच्या कॉलेजात तर कलेचा नुसता धुमाकूळ असतो. खरंच असतो. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३पासून चालू आहे, ‘इंद्रधनुष्य’ हा विद्यापीठांचा महोत्सव २००३पासून. त्यांतून तयार झालेली माणसं आज नाटक-सिनेमात दिसतात. पण हे सगळं स्पर्धेचं जग आहे. ज्याला आधीच गाता, नाचता, अभिनय करता येतो, त्याच्यासाठी. आर्ट सर्कलची वीस-पंचवीस पोरं रात्र रात्र तालीम करतात आणि बाकीचे आपण टाळ्या वाजवतो. टाळ्या वाजवणाऱ्याला कलेतून काही शिकता येईल, असं कुणी धरूनच चालत नाही.

मला तर वाटतं, खरी गरज त्यालाच आहे. आणि त्यासाठी कलाकाराला स्टेजवरून उतरवून वर्गात आणावं लागेल, विषयाच्या तासाला.

फिजिक्सचंच घ्या. गोल, ताणलेल्या पडद्याचं कंपन तुम्हाला अभ्यासाला असतं. साध्या पडद्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत येत नाहीत, म्हणून साधा ढोल ‘धडाम’ वाजतो, सुरात बोलत नाही. तबला मात्र बोलतो. का? तर त्याच्या मधोमध असलेल्या काळ्या शाईमुळे. शाईच्या वजनानं कंपनांचं गणितच बदलतं आणि वरचे स्वर जवळजवळ पूर्ण पटीत येऊन बसतात. हे कुणी दाखवून दिलं? सी. व्ही. रामन यांनी. १९२०मध्ये एका सहकाऱ्याबरोबर त्यांनी ‘नेचर’मध्ये यावर लिहिलं आणि १९३४मध्ये पुन्हा सविस्तर मांडलं. रामन इफेक्ट आपण पाठ करतो, रामन यांचा तबला मात्र कुणी सांगत नाही. एक तबलावादक, एक तबला आणि मोबाइलवरचं आवाजाचा आलेख दाखवणारं फुकटचं ॲप, एवढ्यावर हे प्रॅक्टिकल होऊ शकतं. डग्ग्याची शाई मधोमध नसून एका बाजूला का असते, हा व्हायवाचा प्रश्नही तिथेच सापडेल.

कॉमर्स आणि लॉवाल्यांनो, तुमच्यासाठी कोल्हापुरी चप्पल. जून २०२५मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेलच्या पायात अगदी कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली, सोशल मीडिया पेटला आणि नंतर कंपनीनं प्रेरणा भारतीय पारंपरिक चपलांचीच असल्याचं मान्य केलं. कोल्हापुरीला २०१९मध्ये जीआय मिळालेला आहे, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. मग जीआय असूनही असं कसं झालं? जीआय नाव वाचवतो, की डिझाइन? जोडामागे कारागिराच्या हाती किती पडतात आणि दुकानदाराच्या किती? हे प्रश्न पीपीटीवरून सोडवून बघा आणि मग एकदा चप्पल बनवणाऱ्याला समोर बसवून सोडवा. फरक लगेच कळेल.

मेडिकलवाल्यांकडे तर उदाहरण तयार आहे. दिल्लीच्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये भावी डॉक्टरांसाठी ‘थिएटर ऑफ द ऑप्रेस्ड’च्या कार्यशाळा झाल्या आहेत. ऑगुस्तो बोआल या ब्राझिलियन रंगकर्मीची ही पद्धत. यात प्रेक्षक नुसता बसत नाही. प्रसंग चुकतोय असं वाटलं की तो उठतो, पात्राच्या जागी स्वतः उभा राहतो आणि वेगळं वागून बघतो. उद्या पेशंटच्या नातेवाइकाला वाईट बातमी द्यायची आहे, तर ती आज वर्गात एकदा देऊन बघितलेली बरी, नाही का?

कागदावर सगळं आहे

गंमत म्हणजे यासाठी नवीन नियम लागत नाहीत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मध्ये प्रत्येक उच्च शिक्षणसंस्थेत निवासी कलाकार असावा, असं उद्दिष्ट लिहिलेलं आहे. यूजीसीनं २०२२मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची वाट उघडली. किमान १५ वर्षांचा अनुभव असलेला माणूस डिग्रीच्या अटीत न अडकता शिकवू शकतो आणि त्या यादीत साहित्य आणि ललित कलाही आहेत. २०२३मध्ये स्थानिक कलाकार आणि कारागिरांना कॉलेजशी जोडून घेण्यासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वंही आली. नव्या क्रेडिटच्या रचनेत तुम्ही जे ‘सीसी’ म्हणून उरकता, त्यातही कला बसते. आणि कल्पना तर त्याहून जुनी. आयआयटी दिल्लीचे प्राध्यापक किरण सेठ यांनी १९७७मध्ये ‘स्पिक मॅके’ सुरू केलं, तेव्हापासून मोठमोठे कलाकार शाळा-कॉलेजांत येऊन वाजवून, गाऊन, समजावून सांगताहेत.

मग अडतं कुठे? मी दोन-तीन शिक्षकांना विचारलं. पहिलं उत्तर ठरलेलं: पोर्शन. खरं आहे. पण दोन क्रेडिटच्या विषयाला साधारण ३० तास असतात, त्यातले दोन मागतोय आपण. दुसरं उत्तर जास्त खरं होतं. कितीतरी शिक्षक स्वतःच तासिका तत्त्वावर काम करतात. पाहुणा शोधा, परवानगी काढा, त्याला आणा, पोहोचवा, हे सगळं त्यांच्याच डोक्यावर आणि त्याचे पैसे नाहीत. आमच्या मॅडमही तशाच होत्या. त्या दिवसाचा चहा-नाश्ता त्यांनी स्वतःच्या खिशातून केला होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं. तेव्हा कॉलेजला नावं ठेवून मोकळं होण्याआधी, आपण काय उचलू शकतो ते बघू या.

तुम्ही एवढं करा

विषय आधी, कलाकार नंतर. सिलॅबसमधलं एक युनिट निवडा आणि ते कुणाच्या हातात, गळ्यात, पायात जिवंत आहे ते शोधा. नुसतं ‘कुणाला तरी बोलवू या’ म्हटलं की त्याचं गॅदरिंग होतं.

शोध जवळ घ्या. मूर्तिकार, शाहीर, विणकर, पखवाजवादक, लावणी कलावंत तुमच्याच तालुक्यात असतील. वर्गातल्या कुणाच्या तरी घरातही असतील. विचारा एकदा.

येण्याआधी प्रश्न पाठवा, येऊन गेल्यावर काम करा. असाइनमेंट त्याच तासावर द्या म्हणून शिक्षकांना सांगा. मार्क असले की शेवटचा बाकही जागा राहतो, हे तुम्हाला-मला चांगलं माहीत आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, अर्जात मानधन आणि प्रवासखर्च पहिल्या परिच्छेदात लिहा. फेस्टचा डीजे ॲडव्हान्स मिळाल्याशिवाय वायरसुद्धा सोडत नाही. तेव्हा आपण ‘सर, एक्स्पोजर मिळेल’ म्हणत नाही, निमूट पैसे गोळा करतो. मग आयुष्यभराचं शिकलेलं दोन तासांत आपल्यासमोर ओतणाऱ्या माणसाला शालीवर का बोळवायचं? शाल जरूर द्या, मान हवाच. पण पाकीट आधी. कॉलेजकडे तरतूद नसेल तर फेस्टच्या बजेटमधून एक भाग मागून घ्या. विद्यार्थ्यांनी लेखी मागणी केली की प्राचार्यांनाही ‘वरून’ मंजुरी मागणं सोपं जातं.

आमच्या ज्युनिअर्सनी यंदा काकांना परत बोलवायचं ठरवलंय. पत्राचा मसुदा त्यांनी मला तपासायला पाठवला. ‘अमूल्य मार्गदर्शन’ मी खोडलं. दुसऱ्याच ओळीत मानधनाचा आकडा होता, दोघांच्या एसटी भाड्यासकट. तो तसाच ठेवला. मग काकांना फोन लावला. ते म्हणाले, ‘लग्नसराई संपली की येतो. पंखे तेवढे आधीच बंद करून ठेवा.’

तुमच्या वर्गात कोण येणार आहे?