विमानतळाचे कंट्रोल एका खोलीत असावे काय?

उतरलेले विमान पुन्हा उडेपर्यंत जमिनीवर जी कामे होतात त्यांना ग्राउंड ऑपरेशन्स म्हणतात. विमानाला बे म्हणजे उभे राहण्याची जागा नेमून देणे, चाकांना चोक लावणे, शिडी आणणे, सामान उतरवणे आणि चढवणे, इंधन भरणे, सफाई, प्रवाशांची बस, धावपट्टीची पाहणी, अग्निशमन गाडीची सज्जता अशी ही यादी लांब आहे, आणि मोठ्या विमानतळावर जवळपास प्रत्येक कामाचा धनी वेगळा असतो. आकाशातल्या आणि धावपट्टीवरच्या विमानांचे नियंत्रण भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे, टर्मिनल आणि बे विमानतळ चालवणाऱ्या कंपनीकडे, सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, शिड्या आणि ट्रॉल्या ग्राउंड हँडलिंगवाल्यांकडे, इंधनाचे बाउझर तेल कंपनीकडे. या सर्वांचे प्रतिनिधी एका कक्षात, एकाच माहितीसमोर बसवून जमिनीवरचा कारभार चालवायचा, ही एकत्रित नियंत्रण कक्षाची कल्पना. मुंबई, दिल्ली, बंगळुरू, हैदराबाद येथे असे कक्ष आहेत. वाद आहे तो यवतमाळसारख्या ठिकाणी त्याचे काय काम, याविषयी.

यवतमाळला जवाहरलाल दर्डा यांच्या नावाचा विमानतळ आहे. धावपट्टी आहे, पण नियमित प्रवासी सेवा तेथे रुजली नाही. २००९ साली नांदेड, लातूर, बारामती, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) आणि यवतमाळ असे पाच विमानतळ रिलायन्स एअरपोर्ट डेव्हलपर्स या कंपनीला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले गेले. एकत्रीकरणाचे विरोधक पहिले बोट येथेच ठेवतात: पाच विमानतळ एका हाती दिले, त्यातून यवतमाळला काय मिळाले?

हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. पाच सातबारे एका नावावर झाले म्हणून पाच शेतांची वहिती एकत्र होत नाही. त्या करारात मालमत्तेचा ताबा एकवटला, कामकाज नव्हे. पाचही धावपट्ट्यांची पाहणी, पाचांचा अग्निशमन संच, पाचांच्या नोंदी एका ठिकाणाहून चालवण्याची व्यवस्था हा वेगळा विषय आहे. ताबा एकवटून जे साधले नाही ते कामकाज एकवटूनही साधणार नाही, हा निष्कर्ष त्यामुळे टिकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक प्रचलित आहे. असा कक्ष म्हणजे मोठ्या विमानतळांची चैन. जिथे दिवसाला एखादे विमान उतरणार तिथे चार माणसे हाकेवर असतात, त्यांना कक्ष कशाला? मुंबईने ११ नोव्हेंबर २०२३ रोजी एका दिवसात १,०३२ उड्डाणे हाताळली. एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्यांवर एवढी गर्दी असताना कक्षाशिवाय भागणारच नाही, हे विरोधकही मान्य करतात. मात्र त्यांनी काढलेला अर्थ उलटा आहे. विमान दिवसाला एक असो की हजार, काही कामे कमी होत नाहीत. धावपट्टीवर गिट्टीचा खडा पडला आहे का, कुंपण कुठे वाकले आहे का, रात्रीतून रोह्यांचा कळप आत शिरला का, हे पाहावेच लागते. अग्निशमन गाडीचे पाणी, फोम आणि माणसे तयार ठेवावीच लागतात. मुंबईत हा अटळ खर्च हजार विमानांवर वाटला जातो; लहान विमानतळावर तो सगळा एका विमानाच्या माथी बसतो. वाटून घेण्याची गरज म्हणून खरी लहान विमानतळालाच आहे. लहान विमानतळाने स्वतःचा वेगळा कक्ष उभारणे परवडणार नाही हे खरे, पण त्याचे उत्तर अनेकांचा मिळून एक कक्ष हे आहे.

लहान ठिकाणचे काम सोपे असते, हा समजही तपासायला हवा. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची सेवा सुरू झाली, ती एटीआर ७२ या पंख्याच्या विमानाने. यवतमाळला उद्या सेवा सुरू झाली तर बहुधा याच जातीचे विमान येईल. त्याला एरोब्रिज लागत नाही. प्रवाशांचा दरवाजा मागे डाव्या अंगाला असतो आणि दाराचीच शिडी होते. सामानाचा मोठा कप्पा पुढे. इंधन भरण्याची जागा उजव्या अंगाला. उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेकने थांबवून इंजिन चालू ठेवता येते आणि त्यावर विमानाला वीज मिळते, म्हणून जमिनीवरचा जनरेटर नसला तरी भागते. अर्ध्या तासाच्या आसपास हे विमान परत निघायचे असते. तेवढ्यात लोडर पुढे, प्रवासी मागे, बाउझर उजवीकडे, आणि एक इंजिन चालू. माणसे मोजकी असल्याने सामान उतरवणाराच पुढे चोक काढायला धावतो. मोठ्या विमानतळावर चूक झाली तर पाहणारे दहा डोळे असतात, इथे दोन असतात. दूरच्या कक्षातून कॅमेऱ्यावर हीच हालचाल पाहणारा आणि कामांची क्रमवारी तपासणारा तिसरा डोळा इथे जितका उपयोगी, तितका मुंबईतही नाही.

यवतमाळात या संदर्भात शकुंतला रेल्वेचा दाखला हमखास दिला जातो. यवतमाळ ते मूर्तिजापूर या नॅरोगेज मार्गावर गाडीबरोबरची मंडळीच फाटक बंद करत, उघडत आणि तिकिटेही देत. थोड्या माणसांत सगळे निभावले, मग विमानतळाचे का निभणार नाही, असा हा युक्तिवाद. शकुंतलेवरचे प्रेम या जिल्ह्यात खरे आहे आणि त्या माणसांचे कष्टही खरे आहेत. परंतु सायकलस्वारालाही गाठता येईल अशा चालीची ती गाडी फाटकाशी थांबू शकत होती. उतरणीला लागलेले विमान थांबत नाही.

कक्षाने नेमके काय साधते, हे जिल्ह्यातल्या कापूस उत्पादकाला सांगावे लागू नये. हंगामात खरेदी केंद्रासमोर ट्रॅक्टर आणि मेटाडोरांची रांग लागते. माल भरलेल्या गाडीत शेतकरी रात्र काढतो, कारण आपला नंबर कधी लागेल हे त्याला माहीत नसते. वेळेचे टोकन मिळाले आणि ते पाळले गेले तर गाडी घरूनच वेळेवर निघते. विमानांचेही तसेच आहे. पूर्वी दारे बंद झाली की वैमानिक इंजिन सुरू करून टॅक्सी-वेवर रांगेत उभा राहत असे आणि तेवढा वेळ इंधन जळत असे. आता विमान कंपनीने ‘आमचे विमान अमुक मिनिटाला तयार होईल’ ही वेळ कळवायची, धावपट्टीची क्षमता पाहून कक्षातून निघण्याची वेळ ठरायची, आणि तोवर विमान इंजिन बंद ठेवून बेवरच थांबायचे, अशी पद्धत आहे. युरोपात म्युनिकने २००७ साली ती प्रथम पूर्णपणे अमलात आणली. तिचा सगळा भार एका गोष्टीवर आहे: सर्वांसमोर एकच वेळ असणे. बाउझरवाल्याच्या वहीत एक वेळ, लोडरच्या मुकादमाकडे दुसरी आणि वैमानिकाकडे तिसरी असेल तर महागड्या संगणकाचाही उपयोग नाही.

यावर विरोधकांचा सर्वांत जड पुरावा मुंबईचाच आहे. १४ जानेवारी २०२४ रोजी गोव्याहून दिल्लीला निघालेले विमान धुक्यामुळे मुंबईला वळवले गेले. तासन् तास अडकलेले प्रवासी विमानाशेजारी ॲप्रनवर बसून जेवले आणि ती चित्रफीत देशभर पाहिली गेली. विमानाला टर्मिनललगतची जागा न मिळता सी-३३ हा दूरचा बे मिळाला होता. विमान कंपनीला १ कोटी २० लाख आणि विमानतळ कंपनीला एकूण ९० लाख रुपये दंड झाला. मुंबईला नियंत्रण कक्ष होता, तरी हे घडले. मग कक्षाचे गुणगान कशाला?

या प्रश्नाला बगल देता येत नाही. पण दंड दोघांना झाला यातच त्याचे उत्तर आहे. परिस्थितीचा आधी अंदाज घेतला नाही, हा ठपका मंत्रालयाने विमान कंपनी आणि विमानतळ या दोघांवरही ठेवला. जिथे चूक दोघांची ठरते, तिथे निर्णय एकाचा नव्हता. वळवलेले विमान कुठे उभे करायचे, प्रवाशांना कधी टर्मिनलमध्ये न्यायचे, पाणी आणि जेवण कोणी पुरवायचे, हे ठरवून सर्वांवर बंधनकारक करणारा एक अधिकारी त्या वेळी असता तर प्रवासी डांबरावर बसले नसते. माहिती एकत्र आली आणि अधिकार विखुरलेला राहिला, तर कक्ष ही केवळ पडद्यांनी भरलेली खोली होते. ही घटना एकत्रीकरणाविरुद्धचा पुरावा नाही. अर्धवट सोडलेल्या एकत्रीकरणाविरुद्धचा आहे.

एक कक्ष बंद पडला की सगळेच बंद पडेल, ही भीती मात्र निराधार नाही. १९ जुलै २०२४ रोजी संगणकांतील एका सदोष अद्ययावतीकरणाने जगभरातले विमानतळ अडखळले आणि भारतात हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत हवाई संदेशांची यंत्रणा बिघडली आणि शेकडो उड्डाणे रखडली. म्हणून पर्यायी केंद्राशिवाय कक्ष उभारूच नये. याचा नमुना महाराष्ट्राने स्वतः घालून दिलेला आहे: पोलिसांच्या ११२ क्रमांकाचे मुख्य केंद्र नवी मुंबईला आणि पर्यायी केंद्र नागपूरला आहे. कागदी नोंदवही आणि हातातला वॉकीटॉकी हाही त्या तयारीचाच भाग. महिन्यातून एक दिवस संगणक बंद ठेवून वही आणि वॉकीटॉकीवर काम करून पाहिल्याशिवाय तयारी म्हणता येणार नाही.

दूर बसलेल्या माणसाला इथले काय कळणार, या आक्षेपाला उत्तर जिल्ह्यातल्या रोजच्या अनुभवात आहे. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे आणि तिचे कॉल सेंटर पुण्यात आहे. झरी जामणीच्या एखाद्या कोलाम पोडावरून फोन लागतो तो पुण्याला. फोन घेणाऱ्याला ते पोड कोणत्या नाल्यापलीकडे आहे हे माहीत नसते, आणि असण्याची गरजही नसते. कोणती गाडी मोकळी आहे आणि जवळ आहे, हे त्याला दिसते. नाल्याला पाणी आले आहे का, हे चालकाला कळते. सगळे ज्ञान एका खोलीत असावे असा कोणाचा दावा नाही. ज्याला जे दिसते त्याने ते ठरवावे, आणि कामांची सांगड एकाने घालावी, एवढाच आहे.

जगात याहून पुढचे पाऊल पडले आहे. स्वीडनमधल्या ऑर्नशोल्डस्विक विमानतळाचा टॉवर २०१५ पासून शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या सुंडस्वालमधून चालतो. नॉर्वेने रोस्ट या बेटावरच्या विमानतळापासून २०१९ मध्ये सुरुवात केली आणि बोडो शहरात अनेक लहान विमानतळांसाठी एकच दूरस्थ टॉवर केंद्र उभारले. लंडन सिटीसारखा गजबजलेला विमानतळही २०२१ पासून दूरच्या स्वानविकमधून कॅमेऱ्यांच्या आधारे नियंत्रित होतो. ही उदाहरणे हवाई वाहतूक नियंत्रणाची आहेत, जमिनीवरच्या कामांची नव्हेत, हा फरक मान्य. पण कैमुतिक न्याय इथे लागू पडतो: उतरत्या विमानाला परवानगी देणे जिथे शंभर किलोमीटरवरून सुरक्षितपणे जमते, तिथे बे ठरवणे, बाउझर बोलावणे आणि पाहणीच्या नोंदी तपासणे का जमू नये?

दूरवरून न जमणाऱ्या गोष्टीही आहेत आणि त्यांची मर्यादा नियमातच लिहिली पाहिजे. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबईत विमान निघण्याच्या तयारीत असताना एक तंत्रज्ञ इंजिनात ओढला जाऊन मरण पावला. इशाऱ्याचा चुकीचा अर्थ घेतला गेला होता. असा क्षण कोणत्याही कक्षातून वाचवता येत नाही. म्हणून चाकाजवळ उभ्या माणसाने ‘थांबा’ म्हटले की कंट्रोलने ते मोडायचे नाही. पुढे जाण्याचा हुकूम कक्षाचा, थांबवण्याचा अधिकार जागेवरच्या प्रत्येकाचा. स्थानिकांचा रोजगार जाईल ही शंकाही इथेच मिटते, कारण चोक लावणारा, गाडी चालवणारा आणि आग विझवणारा माणूस यवतमाळचाच लागेल.

तेव्हा मांडणी अशी होते. नागपूर हा विदर्भातला चालता मोठा विमानतळ आहे, यवतमाळपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर. अमरावती, गोंदिया, अकोला, यवतमाळ, चंद्रपूर येथील धावपट्ट्यांची जमिनीवरची कामे नागपूरच्या एका कक्षाने पाहावीत. पर्यायी केंद्र अमरावतीला असावे. कक्षाच्या प्रमुखाचा निर्णय विमान कंपनी, हँडलिंगवाले आणि विमानतळ यांच्यावर लेखी कराराने बंधनकारक असावा. हे प्रवासी सेवा सुरू होण्याची वाट न पाहता करण्यासारखे आहे. जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत महागाव तालुक्यातल्या आनंदनगरला गावकरी पुरात अडकले, तेव्हा हवाई दलाची हेलिकॉप्टरे मागवावी लागली. अशा दिवशी जिल्ह्यातली धावपट्टी वापरात असणे, तिथे दिवा, पाणी, रुग्णवाहिका आणि उत्तर देणारा माणूस असणे, हे वेळापत्रकातल्या विमानाइतकेच महत्त्वाचे आहे.

यवतमाळच्या वाट्याला रोजचे काम थोडेच येईल. पहाटे एक गाडी धावपट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल. खडा, भेग, मेलेला पक्षी, कुंपणातली फट यांची छायाचित्रे नागपूरला पोचतील. विमान येणार असेल तर तासभर आधी अग्निशमन गाडीचा पंप चालवून पाहिला जाईल, बाउझरची वेळ ठरेल, वाऱ्याची नोंद जाईल. विमान उडून गेल्यावर ॲप्रन झाडला जाईल, चोक आणि कोन मोजून शेडमध्ये ठेवले जातील, आणि नागपूरच्या वहीत यवतमाळच्या रकान्यापुढे ‘धावपट्टी मोकळी’ असे वेळेसह लिहिले जाईल.