तेल कोणाचे, दिवा कोणाचा?

गेल्या डिसेंबरात आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातून एक कार्यक्रम गाळण्यात आला. गाळणारे गृहस्थ सज्जन आहेत. म्हणूनच त्यांच्याशी भांडायचे. दुर्जनांवर शाई कोण खर्चील?

कार्यक्रम तसा लहानसाच होता. नववीतली एक विद्यार्थिनी आणि मी, एकाच पियानोवर चार हातांनी, ज्यू लोकांच्या हनुक्का सणाचे एक गाणे जाझच्या ढंगात वाजविणार होतो. खर्जातला ठेका माझ्याकडे; वरचे सूर, त्यांच्या लाडिक हुलकावण्या तिच्याकडे. दोन महिने शाळा सुटल्यावर आम्ही घासत होतो. गृहस्थ म्हणाले, "सण परका, वाद्य परके, ढंगही परका. त्यापेक्षा पेटीवर आपले एखादे नाट्यपद बसवा!"

पेटीवर! वाचकहो, ही पेटी काय गोदावरीच्या घाटावर जन्मली? हार्मोनियम एकोणिसाव्या शतकात पॅरिसला घडला. परका म्हणून 1940 साली रेडिओने त्याला हद्दपारही केले होते. पण गोविंदराव टेंब्यांसारख्यांची बोटे त्यावर फिरली आणि तो असा आपला झाला की, आज त्याच्याच आडून परक्यांना हाकलता येते.

आता सणाचे पाहा. जेरुसलेमचे मंदिर पुन्हा पावन केले तेव्हा एका दिवसाचे तेल आठ दिवस पुरले, म्हणून हनुक्काचे दिवे आठ रात्री लावतात. आमच्या कोकणातले बेने इस्रायल म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनिवार तेली'. त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. गंमत अशी की, पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळणाऱ्या या लोकांना तेलाचा हा सणच ठाऊक नव्हता. तो त्यांना पुढे बाहेरच्या धर्मबांधवांनी शिकविला. 'हे आमचे नव्हे' म्हणून त्यांनी दिवे विझविले नाहीत. उलट, त्यांनी आपले कीर्तन उचलले आणि बायबलातल्या कथा मराठीत गायल्या. त्यांच्यासाठी 1874 साली पुण्यात वल्हांडणाची पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली. मग सांगा, परके कोण?

राहिला जाझ. तो अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडविला. ज्यू क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनने 1936 साली टेडी विल्सन या काळ्या पियानोवादकाला जाहीर मैफलीत आपल्याबरोबर बसविले. तेव्हा तेही रिवाजाविरुद्धच होते. त्याच दशकात टेडी वेदरफोर्डचा पियानो मुंबईच्या ताजमध्ये वाजत होता. तिथला ढंग गोव्याच्या वादकांनी उचलला आणि पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांनी 1951 च्या 'अलबेला'त घराघरांत पोचविला. त्या गाण्यांवर आमचे गृहस्थही मिरवणुकीत नाचले आहेत. मी पाहिले आहे!

जे घासले, ते आपले. नुसते मिरविले, ते उसने. एवढाच माझा हिशेब.

कार्यक्रम गेला याचे दुःख लहान आहे. त्या मुलीने विचारले, "मग आता सराव बंद का?" हा प्रश्न मात्र मला झोपू देत नाही. मोठ्यांच्या एका 'नको'ने लेकरांचे हात थांबतात. मी म्हटले, "उद्या साडेपाचला ये."

ती आली. यंदा दिवाळीच्या सुट्टीतही येणार आहे. गृहस्थांनाही फराळाचे आमंत्रण आहे. चकली खावी आणि बसून ऐकावे.