सात अंगठ्यांचा न्याय

नोकरीनिमित्त अमेरिकेंत राहणाऱ्या आमच्या एका भाच्याचें गेल्या हिंवाळ्यांत पत्र आलें. लांबट चेंडू हातांत धरून धांवण्याचा व फेंकण्याचा जो खेळ तिकडे ‘फुटबॉल’ या नांवानें चालतो, त्याचा हा मुलगा आतां निस्सीम भक्त झाला आहे. तो लिहितो, “मामा, या खेळांतील सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण हा वाद आतां मिटला. टॉम ब्रेडीपाशीं सात अंगठ्या आहेत. याउपर बोलण्यास जागाच उरली नाहीं.” हें मत त्या एकट्याचें असतें तर त्यास खाजगी उत्तर देऊन आम्ही स्वस्थ बसलों असतों. परंतु त्या देशांत हा न्याय घरोघर चालतो. आणि ज्यांचीं मुलें तिकडे आहेत अशीं घरें आपल्याकडेहि आतां थोडीं नाहींत. तेव्हां या न्यायाची तपासणी मराठी वाचकांसमोर करण्यास हरकत नसावी.

प्रथम अंगठी म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. दरवर्षीं ‘सुपर बोल’ नांवाचा अंतिम सामना जो संघ जिंकतो, त्यांतील खेळाडूंस एकेक रत्नजडित अंगठी मिळते. ब्रेडी २३ वर्षें खेळला. सहा अंगठ्या त्यानें न्यू इंग्लंडच्या पेट्रियट्स संघांत राहून मिळविल्या आणि सातवी टँपा बे येथील संघांत, वयाच्या ४३ व्या वर्षीं. ही कामगिरी असामान्य आहे, हें नाकारणारास आडमुठाच म्हणावें लागेल. आमचें भांडण ब्रेडीशीं मुळींच नाहीं. अंगठी मोजून मनुष्य मोजण्याच्या पद्धतीशीं तें आहे.

या खेळांत चढाई करणारे अकरा गडी वेगळे, बचाव करणारे अकरा वेगळे आणि चेंडू लाथेनें मारणारे आणखी वेगळे. ब्रेडी हा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार. चेंडू कोणास द्यावा, कोणाकडे फेंकावा हें ठरविणारा. प्रतिपक्षाच्या हातीं चेंडू असतांना तो मैदानाबाहेर बाकावर बसलेला असतो. आतां २०१५ च्या फेब्रुवारींतील अंतिम सामना पाहा. पेट्रियट्स २८–२४ असे पुढें होते. परंतु सिअॅटलचा संघ चेंडू घेऊन गोल-रेषेपासून अवघ्या एका यार्डावर येऊन ठेपला होता आणि सामना संपण्यास अर्ध्या मिनिटाहून कमी अवकाश होता. त्या क्षणीं माल्कम बटलर नांवाच्या, तोंवर कोणास ठाऊक नसलेल्या तरुणानें प्रतिपक्षाचा फेंकलेला चेंडू मध्येंच हिरावून घेतला. ब्रेडीची चौथी अंगठी ती हीच. त्या वेळीं तो बाकावर होता.

याहून बोलकें उदाहरण पुढील वर्षांचें आहे. २०१८ च्या अंतिम सामन्यांत ब्रेडीनें चेंडू फेंकून ५०५ यार्ड मिळविले. सुपर बोलमध्यें तोंवर कोणींहि इतके मिळविले नव्हते. परंतु त्याच्या संघाचा बचाव ढांसळला आणि फिलाडेल्फियानें सामना ४१–३३ असा जिंकला. पुढच्याच वर्षीं लॉस एंजेलिसविरुद्ध ब्रेडीला चेंडू फेंकून एकहि टचडाउन मिळवितां आला नाहीं. पण बचावानें प्रतिपक्षास तीन गुणांवर रोखलें आणि पेट्रियट्स १३–३ असे जिंकले. अंगठीच्या न्यायानें पहिल्या दिवसाची किंमत शून्य, दुसऱ्या दिवसाची एक अंगठी! जो तराजू मनुष्याच्या उत्तम दिवसाला हलकें आणि सामान्य दिवसाला जड ठरवितो, त्याच्यावर आमच्या भाच्यानें बाजारांत पावशेर भाजीसुद्धां घेतली नसती.

बरें, सात हाच आंकडा अंतिम मानावयाचा तर तोहि ब्रेडीचा एकट्याचा नाहीं. क्लीव्हलंड ब्राऊन्स या संघाचा क्वार्टरबॅक ऑटो ग्रॅहम १९४६ पासून १९५५ पर्यंत दहा वर्षें खेळला. या दहाहि वर्षीं त्याचा संघ अंतिम सामन्यास पोंचला आणि सात वेळां अजिंक्य ठरला. अंगठ्यांचे हिशेबनीस याचें नांव सहसा घेत नाहींत. कारण एवढेंच कीं, सुपर बोल १९६७ सालीं सुरू झाला; शिवाय ग्रॅहमचीं पहिलीं चार अजिंक्यपदें एका प्रतिस्पर्धी लीगमधलीं होतीं व जुन्या लीगनें तीं दीर्घकाळ हिशेबांतच धरलीं नाहींत. हा संघ दुबळ्यांत शूर होता म्हणावें, तर १९५० सालीं तो जुन्या लीगमध्यें आला तेव्हां पहिल्याच सामन्यांत त्यानें तिच्या अजिंक्य संघास, फिलाडेल्फियास, ३५–१० असें लोळविलें आणि वर्षाअखेर अजिंक्यपदहि घेतलें. दप्तर कोणाच्या हातीं आहे यावर ज्याचें मोजमाप ठरतें, त्यास न्याय कसें म्हणावें?

यावर प्रतिपक्षी म्हणतात, “निर्वाणीच्या दिवशीं जो टिकतो तोच थोर.” त्यांस आम्ही १९३४ सालच्या डिसेंबरची आठवण देतों. शिकागो बेअर्स हा संघ त्या वर्षीं तेराच्या तेरा सामने जिंकून न्यूयॉर्कला अंतिम सामन्यासाठीं आला. मैदान गोठून कांचेसारखें झालें होतें. मध्यंतरापर्यंत बेअर्स १०–३ असे पुढें होते. मध्यंतरीं न्यूयॉर्कच्या मंडळींनीं जवळच्या एका महाविद्यालयांतून रबरी तळव्याचे कापडी जोडे आणविले. त्यांचे पाय धरूं लागले, बेअर्सचे घसरूं लागले. शेवटच्या चतुर्थांशांत न्यूयॉर्कनें २७ गुण केले आणि सामना ३०–१३ असा जिंकला. जोड्यांची युक्ति नामी खरीच. पण तिच्यावरून कोणा खेळाडूचें चिरंतन श्रेष्ठत्व ठरविणें हा न्याय मोच्याला शोभेल, टीकाकाराला नव्हे.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. ‘सर्वकाळांतील सर्वश्रेष्ठ’ असें म्हणतांना त्या त्या काळीं मैदानावर येऊं कोणास दिलें होतें, हें कोणी विचारीत नाहीं. ही लीग १९२० सालीं स्थापन झाली आणि त्याच वर्षींच्या अजिंक्य अॅक्रन संघांत फ्रिट्झ पोलार्ड हा कृष्णवर्णी खेळाडू होता. परंतु १९३४ पासून १९४५ पर्यंत बारा वर्षें एकहि कृष्णवर्णी मनुष्य या लीगमध्यें खेळला नाहीं. कागदावर असा नियम नव्हता. मालकांमध्यें समजूत होती. कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठाकडून खेळणारा केनी वॉशिंग्टन १९३९ सालीं चढाईंत साऱ्या देशांतील विद्यार्थ्यांच्या पुढें होता. तथापि एकाहि संघानें त्यास बोलाविलें नाहीं. १९४६ सालीं रॅम्स संघ लॉस एंजेलिसला आला आणि सार्वजनिक मालकीचें मोठें मैदान मागूं लागला, तेव्हां तेथील कृष्णवर्णी पत्रकारांनीं हा अन्याय वेशीवर टांगला व संघास वॉशिंग्टनला घेणें भाग पडलें. तोंवर त्याचे गुडघे दुखापतींनीं निकामी होत आले होते. तरीहि १९४७ सालीं त्यानें दर धांवेस सरासरी ७.४ यार्ड काढले. दोन धड पायांनीं, बाविसाव्या वर्षीं तो काय करता, हें कोणत्याहि यादींत सांपडणार नाहीं.

ग्रीन बेचा डॉन हटसन हा चेंडू झेलणारा १९३५ ते १९४५ या वर्षांत खेळला. त्याचा ९९ टचडाउन झेलांचा उच्चांक १९८९ पर्यंत कोणास मोडतां आला नाहीं. हटसनचें कौशल्य खरें आणि दोष त्याचा नव्हे. पण त्याचीं अकराहि वर्षें बंद दाराआडचीं आहेत. पुढें २२,८९५ यार्डांचे झेल घेणारा जेरी राइस हा मिसिसिपींतील एका कृष्णवर्णी गवंड्याचा मुलगा. तो १९६२ ऐवजीं १९१२ सालीं जन्मता तर हटसनच्या काळांत सापडता, आणि त्यास हातांत चेंडूऐवजीं विटाच झेलाव्या लागत्या. या गोष्टीवर आपणहि नाक मुरडूं नये. मुंबईच्या सामन्यांत हिंदूंच्या संघास बाळू पालवणकरांची गोलंदाजी वर्षानुवर्षें हवी होती. त्यांची जात कर्णधारपदाच्या आड आली, आणि तो मान त्यांचे बंधु विठ्ठल यांस १९२३ सालीं मिळाला.

संघांच्या वादांतहि हीच गल्लत होते. १९७२ च्या मायामी डॉल्फिन्स संघानें सतराच्या सतरा सामने जिंकले, म्हणून तो सर्वश्रेष्ठ असें सांगण्यांत येतें. साखळींत त्यांच्यापुढें आलेल्या एकाहि संघास त्या वर्षीं ८ विजय व ६ पराभव यांहून सरस हिशेब दाखवितां आला नाहीं, हें मात्र कोणी सांगत नाहीं. तरी त्या संघाचा एक गुण आम्हांस थोर वाटतो. पांचव्या सामन्यांत त्यांचा क्वार्टरबॅक बॉब ग्रीसी याचा पाय मोडला, आणि ३८ वर्षांच्या अर्ल मोरलनें संघ पुढें नेला. सूत्रधार बदलला तरी विजय थांबले नाहींत, यावरून विजय कोणाचे असतात तें उघड आहे. ब्राऊन्स संघानें तर १९४८ सालींच सर्व पंधरा सामने जिंकले होते. आमच्या मतें संघांत पहिला मान त्यांचा. दहा वर्षांतील सात अजिंक्यपदें हें एक कारण. दुसरें असें कीं, १९४६ सालीं प्रशिक्षक पॉल ब्राऊन यानें मेरियन मॉटली व बिल विलिस या दोघां कृष्णवर्णी खेळाडूंस संघांत घेतलें. त्या वर्षीं मायामी येथील सामन्यास, तेथील वर्णभेदाच्या कायद्यामुळें व आलेल्या धमक्यांमुळें, या दोघांस मागें ठेवावें लागलें. खुल्या स्पर्धेंत इतरांस जिंकणें आणि स्पर्धाच खुली करणें, हीं दोन्ही कामें या संघानें केलीं.

अंगठीनें सुख तरी मिळतें काय? पिट्सबर्गच्या माइक वेब्स्टरला चार मिळाल्या. तो सेंटर, म्हणजे चेंडू मागें देऊन लगेच समोरच्या धिप्पाड गड्याशीं डोकें भिडविणारा. त्याच्या कामाचे यार्ड नाहींत, गुण नाहींत. सतरा वर्षें त्यानें हें केलें. पुढें स्मृति गेली, कांहीं काळ तो बेघर झाला आणि २००२ सालीं ५० व्या वर्षीं वारला. डॉ. बेनेट ओमालू यांनीं त्याचा मेंदू तपासला, त्यांत वारंवार बसलेल्या आघातांनीं जडलेला रोग आढळला, आणि २००५ सालीं तें प्रसिद्ध झालें. ‘थोर कोण’ हा वाद घालणाऱ्यांनीं थोरांच्या पुढें उभें राहून घाव कोणीं सोसले, हेंहि विचारलें पाहिजे.

आम्हांसहि मत दिलें पाहिजे, नाहींतर ही टीका फुकाची ठरेल. आमची कसोटी अशी : दार खुलें झाल्यानंतर, एकाच नियमांखालीं खेळणाऱ्या समकालीनांच्या किती वर तो उभा होता? या कसोटीनें आमचें मत क्लीव्हलंडच्या जिम ब्राऊनला आहे. १९५७ ते १९६५ या नऊ वर्षांत आठ वेळां धांवण्यांत तो साऱ्या लीगमध्यें पहिला आला. वर्षाला बारा–चौदाच सामने होते त्या काळांत त्यानें १२,३१२ यार्ड काढले, दर धांवेस सरासरी ५.२, आणि ११८ सामन्यांत एकदांहि गैरहजर राहिला नाहीं. पुढें एमिट स्मिथनें १८,३५५ यार्ड काढले खरे. परंतु पंधरा वर्षांत, २२६ सामन्यांत आणि ४.२ च्या सरासरीनें. मैदानाबाहेर, विशेषतः स्त्रियांशीं, ब्राऊनच्या वर्तनाविषयीं गंभीर आरोप झाले. त्यांवर पांघरूण घालण्याचा आमचा हेतु नाहीं. येथें प्रश्न खेळाचा आहे. आणि या खेळाडूचें अजिंक्यपद केवळ एक, १९६४ सालचें! अंगठीच्या न्यायानें तो बाकावर बसलेल्या कित्येक राखीव गड्यांच्याहि खालीं जातो. ज्या न्यायाचा असा निकाल लागतो, त्याचा फेरविचार करावा असें आम्हीं भाच्यास कळविलें आहे. त्याचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं. तो बहुधा नवे आंकडे गोळा करीत असावा. करो बापडा, पण त्या आंकड्यांत वॉशिंग्टनचीं गेलेलीं वर्षें कोठें मांडणार, एवढें त्यानें लिहावें.