पॅकिंग दोनशेचं, पण पैसे कशाचे घ्यायचे?

दसरा जवळ आला की माझ्या स्पेअर पार्टच्या दुकानात गर्दी वाढते. आपल्या बीड जिल्ह्यातून ऊस वाहतुकीला जाणारे ट्रॅक्टर याच दिवसांत तयार होतात. कोणी इथेच तेलगाव-गढीकडे, कोणी थेट सांगली-कोल्हापूरला, कोणी कर्नाटकात. एकदा हंगाम सुरू झाला की वाहन उभं राहिलेला प्रत्येक दिवस मालकाच्या अंगावर येतो, आणि टोळीला दिलेली उचल डोक्यावर असतेच. म्हणून निघायच्या आधी जो तो गॅरेजवाल्याला म्हणतो, "तेवढं ऑइल कुठून गळतंय ते बघा."

मागच्या हंगामाआधी माझ्याकडे शिकून गेलेल्या एका पोराचा फोन आला. "सर, क्रँकचं मागचं ऑइल सील पाठवा. ट्रॅक्टर फोडायचाय." क्लच हाउसिंगच्या खालून ऑइल टपकत होतं, आधीच्या मिस्त्रीनं सील गेलंय म्हणून सांगितलेलं. हे सील बदलायचं म्हणजे इंजिन आणि क्लच हाउसिंग वेगळं करायचं. दोन दिवस गेले आणि मजुरीही मोठी.

मी म्हणालो, "सील देतो, पण आधी इंजिन डिझेलनं धू, फडक्यानं कोरडं कर, पंधरा मिनिटं चालव आणि बॅटरी घेऊन वरून बघ. खालून नाही, वरून."

अर्ध्या तासात परत फोन. ऑइल टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघत होतं, ब्लॉकवरून ओघळत क्लच हाउसिंगपर्यंत येत होतं. पॅकिंग काढलं तर कडक होऊन पापडासारखं तुटलं. नवीन बसवलं, काम दीड तासात संपलं. ट्रॅक्टर त्याच संध्याकाळी घरी.

आता बिल ऐका. पॅकिंग दोनशे, मजुरी शंभर. तीनशे रुपये!

इथंच माझं त्याच्याशी वाजलं. त्यानं चुकीचं ऐकून ट्रॅक्टर फोडला असता, तर हजारो रुपये मिळाले असते आणि गळती तशीच राहिली असती. बरोबर शोधलं म्हणून शंभर. आपल्याकडचा ग्राहक पाना किती वेळ फिरला त्याचे पैसे देतो, डोकं किती चाललं त्याचे देत नाही. पण यात ग्राहकापेक्षा चूक आपली जास्त आहे, कारण आपण ते बिलात लिहीतच नाही.

माझं मत स्पष्ट आहे. बिलावर "तपासणी" ही वेगळी ओळ पाहिजे, आणि तिचा आकडा गाडीला हात लावायच्या आधी सांगितलेला पाहिजे. काही जण म्हणतात, काम आपल्याकडेच केलं तर तपासणी माफ करावी. मला ते पटत नाही. तपासणी माफ केली की तुमची कमाई फक्त काम निघण्यावर उरते, आणि मग नसलेलं कामही दिसायला लागतं. क्रँक सील असंच "दिसतं".

अर्थात, तपासणीचे पैसे घ्यायचे तर तपासणी तेवढी पक्की पाहिजे. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ज्याला पुस्तकात व्हॉल्व्ह कव्हर गॅसकेट म्हणतात, ते फक्त वर उडणारं ऑइल आत अडवून ठेवतं. हेड पॅकिंगसारखा कॉम्प्रेशनचा दाब त्याच्यावर नसतो. म्हणून ग्राहकाला नुसतं "वरचं पॅकिंग गेलंय" म्हणू नका, त्याच्या छातीत धस्स होतं. दोन्हीतला फरक त्याला कव्हरवर बोट ठेवून दाखवा. दुसरी गोष्ट ब्रीदर. तो चोंदला असेल तर इंजिनच्या पोटात दाब साठतो आणि नवीन पॅकिंगमधूनही ऑइल बाहेर येतं. ब्रीदरमधून धूर जोरात मारत असेल तर रिंगा झिजल्याची शंका घ्या, आणि "नुसत्या पॅकिंगवर गळती थांबेल याची गॅरंटी देत नाही" हे आधीच सांगून टाका. पैसे घेतल्यावर सांगितलं की ते बहाणा वाटतं.

बसवतानाही घाई नडते. जुनं पॅकिंग खरवडताना तुकडे आत पडू देऊ नका. कव्हर सपाट जागेवर ठेवून वाकलंय का बघा. पत्र्याचं कव्हर जास्त आवळून वाकतंच, आणि मग कितीही भारी पॅकिंग घाला, गळणारच. 10 नंबरचा पाना लागतो त्या बोल्टला साधारण 10 न्यूटन मीटरच्या आसपास ताण पुरतो. इंजिनच्या पुस्तकात आकडा असेल तर तोच घ्यायचा. मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्यानं आवळा. आणि कव्हर उघडलंच आहे तर टॅपेट सेटिंग तपासून घ्या. हे जास्तीचं काम मागायला लाजू नका, ग्राहकाचा त्यात खरा फायदा आहे.

सिलिकॉनबद्दल मात्र मला कबूल करावं लागेल. मी ती ट्यूब विकतो आणि ती पॅकिंगपेक्षा जास्त खपते. जुन्याच पॅकिंगवर बोटभर थर चोपडून गाडी हंगामाला पाठवणारे मला माहीत आहेत. जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूला दाबलं जातं, त्याचे तुकडे सुटून चेंबरमध्ये पडतात आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतात. दोनशे वाचवायला गेलेला माणूस इंजिन पणाला लावतो. रबरी पॅकिंग असेल तर कंपनीनं सांगितलेल्या कोपऱ्यात थेंबभर, बाकी कोरडं. हे मी काउंटरवर सांगतो, तरी लोक ट्यूब नेतात.

कर्ज काढून गॅरेज टाकणाऱ्यांची कोटेशनं माझ्याकडे तपासायला येतात. लिफ्ट असते, कॉम्प्रेसर असतो, बाहेरचा फ्लेक्स असतो. टॉर्क पाना जवळपास कधीच नसतो. बिलबुकही नसतं. मजुरी ही सेवा आहे, त्यामुळे वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, म्हणून "बिल कशाला" असं पोरं म्हणतात. अरे, बिल सरकारसाठी नाही. आठ दिवसांनी ट्रॅक्टर परत आला तर तुम्ही काय तपासलं होतं, ते त्या कागदावर असतं.

त्या पोरानं आता भिंतीवर पाटी लावलीय : तपासणी 250 रुपये. पहिल्याच दिवशी एक जण वाचून परत गेला. पोराचा लगेच फोन, "सर, पाटी काढू का?" मी म्हटलं, दिवाळीपर्यंत थांब. दिवाळीपर्यंत काय होतंय ते पुढच्या व्हिडिओत त्याच्याच तोंडून ऐकू, गिऱ्हाईक तुटलं तर तेही सांगू.