ट्रामचे रूळ आणि रस्त्याची मालकी

कोलकात्याची ट्राम बंद करून एस्प्लनेड ते मैदान एवढाच मार्ग वारसा म्हणून चालू ठेवण्याचा निर्णय पश्चिम बंगाल सरकारने सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केला. 24 फेब्रुवारी 1873 रोजी सियालदह ते आर्मेनियन घाट या मार्गावर घोड्यांनी ओढलेली ट्राम या शहरात प्रथम धावली. 1902 मध्ये ती विजेवर चालू लागली. कारकून, कामगार आणि विद्यार्थी यांना पिढ्यान्पिढ्या पोचविणारे हे वाहन आता सहलीस आलेल्यांच्या करमणुकीपुरते उरावे, असा या निर्णयाचा अर्थ आहे. वर्तमानपत्रांनी त्यावर हळहळ व्यक्त केली. परंतु प्रश्न स्मरणरंजनाचा नसून शहराचा रस्ता कोणाचा, हा आहे.

सरकारचे म्हणणे असे की, कोलकात्याच्या क्षेत्रफळापैकी जेमतेम 6 टक्के भाग रस्त्यांखाली आहे आणि संथ ट्राममुळे वाहतूक तुंबते. हे कारण वरवर पाहता बिनतोड वाटते. पण त्यातून निघणारा निष्कर्ष नेमका उलट आहे. रस्ता इतका तोकडा असेल, तर कमीत कमी जागेत जास्तीत जास्त माणसे नेणाऱ्या वाहनाचा त्यावर पहिला अधिकार असला पाहिजे. खासगी मोटारीत बहुधा एक-दोन माणसे असतात. ट्रामच्या दोन डब्यांत शंभराहून अधिक उतारू मावतात. शिवाय ती रस्त्यावर धूर सोडत नाही. ट्राम रखडते, कारण तिच्या रुळांवर मोटारी आडव्या येतात. अनेक रस्त्यांवर ट्रामसाठी राखून ठेवलेला पट्टाही काढून टाकण्यात आला. आधी वाट अडवावयाची आणि मग संथपणाचा ठपका ठेवावयाचा, असा हा न्याय आहे. त्याच काळात टॉलीगंजसारख्या आगारांच्या जमिनींवर विकासकांची दृष्टी वळली, हा केवळ योगायोग मानता येत नाही.

याच ट्रामसाठी कोलकात्याच्या जनतेने एक मोठा लढा दिला होता. 1953 च्या जुलैत ब्रिटिश मालकीच्या कंपनीने दुसऱ्या वर्गाचे भाडे एका पैशाने वाढविले. प्रजा समाजवादी पक्षासह डाव्या पक्षांनी प्रतिकार समिती स्थापन केली. उतारूंनी वाढीव भाडे देण्याचे नाकारले. लाठीमार, गोळीबार आणि अटकसत्र यांना तोंड दिले. अखेर जुने दर पुन्हा लागू करणे सरकारला भाग पडले. एका पैशासाठी शहर पेटले, असे तेव्हा हिणविले गेले. परंतु ज्याच्या मजुरीत पैशापैशाचा हिशेब असतो, त्याला त्या पैशाचे मोल कळते.

येथे एक कटू सत्यही नमूद केले पाहिजे. 1977 ते 2011 या काळात सत्तेवर असलेल्या डाव्या आघाडीच्या राजवटीतही ट्रामचे मार्ग एकामागून एक बंद झाले. 1993 मध्ये हावडा पुलावरील ट्राम थांबली. भाड्याविरुद्ध लढणारी चळवळ सत्तेत आल्यावर रस्त्याच्या वाटणीच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करते, तेव्हा तिने मिळविलेला विजयही हळूहळू हातचा निसटतो.

मुंबईकरांस ही कथा नवी नाही. 1874 मध्ये सुरू झालेली आणि 1907 पासून विजेवर धावणारी मुंबईची ट्राम अनेक वर्षे एका आण्यात उतारूंची ने-आण करीत होती. 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची गाडी गेली. दादर टीटी, परळ टीटी ही नावे तेवढी उरली. त्यांतील ‘टी’ ट्रामचा आहे, हेही आज अनेकांना ठाऊक नाही. ट्राम गेल्याने रस्ते मोकळे होतील, ही अपेक्षा फोल ठरली, कारण मोकळी झालेली जागा खासगी मोटारींनी व्यापली. उलट नांत शहराने 1985 मध्ये आणि स्ट्रासबूर्गने 1994 मध्ये पूर्वी उखडलेली ट्राम नव्या रूपात परत आणली, तीही मोटारींची जागा कमी करून.

ट्रामची जागा ज्या बसने घेतली, तिच्यावरही आता तीच पाळी आली आहे. बेस्टच्या स्वमालकीच्या 3,337 गाड्या कायम राखण्याचा करार 2019 मध्ये कामगार संघटनेशी झाला. तो पाळला गेला नाही. भाडेतत्त्वावरील गाड्या वाढल्या आणि चालक कंत्राटी झाले. मे 2025 मध्ये किमान भाडे 5 रुपयांवरून 10 रुपये झाले. आगारांच्या जमिनींचा ‘विकास’ हाच तोट्यावरील उपाय म्हणून पुढे केला जातो. त्याच शहरात सागरी किनारा मार्गावर 13 हजार कोटींहून अधिक रुपये खर्च होतात, तेव्हा त्याला कोणी तोटा म्हणत नाही. बसवरील खर्च तोटा आणि मोटारीवरील खर्च विकास, ही वर्गीय भाषा ओळखली पाहिजे.

म्हणून केवळ भाडेवाढीविरुद्ध निदर्शने करून भागणार नाही. बससाठी राखीव मार्गिका, आगारांच्या जमिनीवर सार्वजनिक मालकी, चालक-वाहकांना कायम नोकरी आणि अंदाजपत्रकात वाहतुकीसाठी हक्काची तरतूद, या मागण्या कार्यकर्त्यांनी थांब्याथांब्यावर आणि वस्तीवस्तीत नेल्या पाहिजेत. 1953 मध्ये कोलकात्याच्या उतारूंनी एक पैसा सोडला नाही. आज रस्त्याची एक मार्गिका न सोडण्याचा निर्धार हवा.