आकडे आणि कलमे एकाच वर्गात

कर्जात बुडालेल्या कंपनीची किंमत किती, हा प्रश्न वित्तशास्त्राचा. आलेल्या पैशावर पहिला हक्क कोणाचा, हा कायद्याचा. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने हे दोन्ही प्रश्न एकाच व्यावसायिकाच्या टेबलावर आणून ठेवले. कंपनीचा कारभार सांभाळणे, देण्यांचे दावे तपासणे आणि धनकोंनी मान्य केलेली योजना न्यायाधिकरणापुढे नेणे, ही सारी त्याचीच कामे.

यासाठी सनदी लेखापाल वा वकिलाला एरवी दहा वर्षांचा अनुभव लागतो. मानेसरच्या भारतीय कॉर्पोरेट व्यवहार संस्थेने २०१९ मध्ये दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू करून तरुणांना जवळची वाट दिली. महाराष्ट्रातही, पाताळगंगा येथील सेबीच्या राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्थेने मुंबईच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठासह गुंतवणूक व रोखे कायद्यातील एलएलएम आणले.

मात्र दोन विषयांची पुस्तके एका पिशवीत घातली म्हणजे संयुक्त शिक्षण होत नाही. कंपनी अवसायनात गेल्यास कामगारांच्या २४ महिन्यांच्या थकबाकीला तारणधारक धनकोंच्या बरोबरीचे स्थान मिळते, असे संहितेचे ५३ वे कलम सांगते. पण मालमत्तेचे मोल मुळातच कमी आले, तर त्या बरोबरीतून कामगाराच्या हाती फारसे पडत नाही. कलम पाठ असलेल्याला मूल्यांकनातील चूक दिसली नाही, तर हक्क कागदावरच राहतो. विद्यार्थ्यांपुढे ताळेबंद आणि निकालपत्र एकाच प्रकरणाचे ठेवले जाते काय, यावरच या पदव्यांचा कस ठरेल.